मोठे छिद्र आणि लहान लेथ

धातूच्या कामात छिद्र पाडणे हे अगदी प्राथमिक कृत्य समजले जाते. पाच किंवा दहा मिलिमीटर व्यासाचे छिद्र कोणीही नवशिका ड्रिलच्या साहाय्याने पाडू शकतो. परंतु छिद्राचा व्यास साठ, ऐंशी किंवा शंभर मिलिमीटर हवा असला की, घरातील लहानशा लेथवर काम करणाऱ्या हौशी कारागिरापुढे निराळाच प्रश्न उभा राहतो. तेवढ्या मापाचे ड्रिल त्याच्यापाशी नसते. असले तरी ते त्याच्या यंत्रात बसत नाही. आणि बसलेच तरी यंत्राची मोटर ते फिरवू शकत नाही. मग असे काम मोठ्या कारखान्याकडेच सोपवावे लागते काय? या पुस्तिकेत आपण पाहणार आहोत की, तसे मुळीच नाही. मोठे छिद्र हा शक्तीचा प्रश्न नसून प्रामुख्याने विचाराचा आणि ताठरतेचा प्रश्न आहे.

इंग्लंडमध्ये घरगुती कार्यशाळेची परंपरा जुनी आहे. हौशी कारागिरांसाठी निघणारे ‘मॉडेल इंजिनियर’ हे नियतकालिक तेथे 1898 साली सुरू झाले, आणि अशा कार्यशाळांत प्रसिद्धी पावलेला ‘मायफर्ड एमएल 7’ हा लेथ 1946 मध्ये बाजारात आला. या लेथच्या मध्याची उंची साडेतीन इंच, म्हणजे सुमारे 89 मिलिमीटर आहे. त्याच्या टेलस्टॉकमध्ये क्रमांक दोनचे मोर्स निमुळते छिद्र असते, आणि त्यात थेट बसणारी प्रमाणित ड्रिले सुमारे 23 मिलिमीटर व्यासापर्यंतची असतात. लहान लेथच्या या मर्यादा ध्यानात ठेवून आपण एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ.

समजा, 100 मिलिमीटर लांब, तितकीच रुंद आणि 16 मिलिमीटर जाड अशी पोलादाची एक चौरस प्लेट आहे. तिच्या मध्यभागी 6206 क्रमांकाचे बॉल बेअरिंग बसवावयाचे आहे. या बेअरिंगचा बाहेरचा व्यास 62 मिलिमीटर व रुंदी 16 मिलिमीटर असते. म्हणजे आपल्याला प्लेटमध्ये 62 मिलिमीटरचे आरपार छिद्र हवे. ते केवळ मोठे असून भागणार नाही. ते पुरेसे गोल, सरळ आणि मापात अचूक असले पाहिजे.

ड्रिलची मर्यादा

ड्रिलचे टोक बारकाईने पाहिले तर असे दिसते की, त्याच्या दोन धारा अगदी मध्याशी एका लहान आडव्या रेषेने जोडलेल्या असतात. मध्याजवळ फिरण्याचा वेग जवळजवळ शून्य असल्यामुळे ही आडवी धार धातू कापत नाही, तर तो चिरडून बाजूला लोटते. त्यासाठी मोठा दाब द्यावा लागतो. ड्रिल जितके जाड तितकी ही धार लांब, आणि तितका दाब अधिक. शिवाय ड्रिल आपल्या वाटेवरच्या कठीण-मऊ जागांप्रमाणे आणि आधीच्या छिद्राप्रमाणे वळते. पातळ प्लेटमध्ये तर मोठ्या ड्रिलने पाडलेले छिद्र पुष्कळदा गोल न राहता किंचित तिकोनी होते. तेव्हा ड्रिल हे छिद्राची सुरुवात करण्याचे साधन आहे. छिद्र पूर्ण करण्याचे नव्हे.

कड कापावी, गाभा ठेवावा

आता थोडे गणित करू. 62 मिलिमीटर व्यासाचे आणि 16 मिलिमीटर खोलीचे छिद्र म्हणजे सुमारे 48.3 घन सेंटिमीटर पोलाद. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला 7.85 ग्रॅम धरली, तर हे वजन सुमारे 380 ग्रॅम भरते. एवढ्या सगळ्या धातूचा कीस करावयाचा, तर त्याचा कण न् कण मोटरच्या शक्तीने सुटा करावा लागेल.

परंतु तसे करण्याची आवश्यकता आहे काय? कागदात गोल भोक पाडताना आपण आतला कागद कुरतडत बसत नाही. कडेने कात्री फिरवून चकती बाहेर काढतो. धातूच्या बाबतीतही हेच करता येते. प्लेटवर 60 मिलिमीटर बाह्य व्यासाचा व 4 मिलिमीटर रुंदीचा वर्तुळाकार चर कापीत गेले, तर 52 मिलिमीटर व्यासाची अखंड चकती मोकळी होते. या चराचे घनफळ केवळ 11.3 घन सेंटिमीटर आहे. पुढे छिद्र 60 वरून 62 मिलिमीटर करण्यासाठी आणखी 3.1 घन सेंटिमीटर धातू काढावा लागेल. म्हणजे एकूण धातूपैकी जेमतेम तीन दशांशाचाच कीस होतो. उरलेले सुमारे 267 ग्रॅम पोलाद चकतीच्या रूपाने हाती येते आणि दुसऱ्या एखाद्या कामाला उपयोगी पडते.

व्यास वाढत जातो तसा हा लाभही वाढतो. पूर्ण वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तर ठराविक रुंदीच्या चराचे क्षेत्रफळ जवळजवळ व्यासाच्याच प्रमाणात वाढते. चार मिलिमीटर रुंदीचा चर 60 मिलिमीटर व्यासाला वर्तुळाचा एक चतुर्थांश भाग व्यापतो. 120 मिलिमीटर व्यासाला तो फक्त आठवा भाग व्यापतो. लहान यंत्रावर मोठे छिद्र शक्य होते त्याचे रहस्य हेच होय.

या पद्धतीला ट्रेपॅनिंग म्हणतात. हा शब्द शस्त्रक्रियेतून आला असून त्याचे मूळ छिद्र पाडण्याच्या हत्याराचे नाव असलेल्या ग्रीक शब्दात आहे. कवटीच्या हाडाची गोल चकती कापून काढण्याची क्रिया मानवाला फार प्राचीन काळापासून ठाऊक होती. काश्मीरमधील बुर्झहोम येथे सापडलेल्या नवाश्मयुगीन कवटीवरही अशा छिद्रांच्या खुणा आहेत. प्राचीन मिसर देशातील पाथरवट तांब्याची पोकळ नळी वाळूसह फिरवून कठीण दगडात छिद्रे पाडीत, आणि नळीच्या पोकळीत दगडाचा गाभा शिल्लक राही. कड कापावी आणि गाभा ठेवावा, ही युक्ती अशी पुरातन आहे.

चर कापणारे हत्यार

लेथवर चर कापण्यासाठी हायस्पीड पोलादाच्या तुकड्याला घासून अरुंद पात्यासारखा आकार द्यावा. आपल्या कामासाठी पात्याची रुंदी 3 मिलिमीटर आणि पुढे आलेली लांबी सुमारे 10 मिलिमीटर पुरे. धार बरोबर लेथच्या मध्याच्या उंचीवर असली पाहिजे.

येथे एक गोष्ट नवशिक्याच्या सहसा ध्यानात येत नाही. चराच्या भिंती सपाट नसून वक्र असतात. हत्याराची वरची धार चरात नीट मावली, तरी तिच्याखालचा भाग बाहेरच्या भिंतीला घासू शकतो. कारण धारेच्या पातळीपासून खाली जावे तसतशी ती भिंत आत वळत जाते. किती वळते हे पायथागोरसच्या प्रमेयाने काढता येते. त्रिज्या 30 मिलिमीटर असताना धारेच्या 8 मिलिमीटर खाली भिंत सुमारे 1.1 मिलिमीटर आत आलेली असते. त्रिज्या 60 मिलिमीटर असल्यास हाच आकडा सुमारे अर्धा मिलिमीटर होतो. म्हणून पात्याची बाहेरची बाजू खालच्या अंगाला याहून थोडी अधिक घासून काढावी. आतल्या बाजूला ही अडचण येत नाही, कारण आतली भिंत हत्यारापासून दूर जाते. तेथे नेहमीची अल्पशी मोकळीक पुरते. चर जितका लहान व्यासाचा, तितके पाते खालून अधिक घासावे लागते, हे सूत्र लक्षात ठेवावे.

जॉब बसविणे आणि वेग ठरविणे

ज्या वस्तूवर काम करावयाचे तिला कारखान्यात जॉब म्हणतात. आपली प्लेट चार स्वतंत्र जबड्यांच्या चकमध्ये पकडावी. मध्यबिंदूवर आधी पंचाची खूण करून तो बिंदू लेथच्या अक्षावर आणावा आणि टेलस्टॉकमधील ड्रिलने 12 मिलिमीटरचे छिद्र पाडावे. हे छिद्र पुढे प्लेट उलटविल्यावर मध्य शोधण्याच्या कामी येईल.

चौरस प्लेटचा कर्ण सुमारे 141 मिलिमीटर असल्याने तिचे कोपरे फिरताना 71 मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढतात. फिरणारे कोपरे डोळ्यांना दिसत नाहीत, आणि धोका नेमका तेथेच असतो. म्हणून विद्युत्प्रवाह सुरू करण्यापूर्वी चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कोपरे व जबडे कोठे अडत नाहीत ना, हे पाहावे. चकची किल्ली काढून ठेवावी. हातमोजे घालू नयेत, सैल बाह्या व मोकळे केस बांधून घ्यावेत आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा अवश्य असावा.

फेऱ्यांचा वेग काढण्यासाठी कर्तनवेग मिनिटाला मीटरमध्ये घ्यावा, त्याला 1000 ने गुणावे आणि मिलिमीटरमधील परिघाने भागावे. अरुंद चरातून कीस सहज बाहेर पडत नाही, म्हणून येथे मऊ पोलादासाठी मिनिटाला 12 मीटर एवढाच वेग धरू. 60 मिलिमीटर व्यासाला हे मिनिटाला सुमारे 64 फेरे होतात. एवढ्या मंद गतीसाठी बॅकगिअर लावावा लागतो. त्यामुळे वेग घटतो आणि फिरविण्याचा जोर वाढतो.

आडवी सरक घट्ट करून हत्याराचा बाहेरचा कोपरा मध्यापासून 30 मिलिमीटरवर ठेवावा आणि सॅडल सावकाश पुढे न्यावे. सुमारे एक मिलिमीटर खोली झाली की हत्यार मागे घ्यावे, एक मिलिमीटर आत सरकवावे आणि तेवढेच पुन्हा कापावे. अशा रीतीने तीन मिलिमीटरच्या पात्याने चार मिलिमीटरचा चर होतो आणि किसाला बाहेर पडावयास वाट मिळते. पोलादाला कटिंग ऑइल ब्रशने लावीत राहावे. बीड कोरडेच कापावे. ॲल्युमिनियमला थोडे रॉकेल चालते, मात्र ते ज्वालाग्राही असल्याने ठिणगी व आगीपासून दूर राहावे. चरात अडकलेला कीस यंत्र थांबवूनच काढावा. चालू यंत्रावर बोट किंवा चिंधी कधीही नेऊ नये. हत्यार थरथरू लागले, तर वेग कमी करावा. हत्याराला नुसतेच घासत ठेवू नये.

चकती सुटण्याचा क्षण

या सर्व कामात जपण्याजोगा क्षण म्हणजे चकती मोकळी होण्याचा. चर एका बाजूने आरपार गेला, तर फिरणारी चकती अकस्मात निराधार होते. ती तिरकी होऊन हत्यार आणि भिंत यांच्यामध्ये अडकते. अशा वेळी हत्यार मोडते, जॉब चकमधून सुटतो, किंवा पाव किलो वजनाची चकती कारागिराच्या अंगावर येते.

हा धोका टाळण्याचा उपाय सोपा आहे. पहिल्या बाजूने 8 मिलिमीटर खोल चर कापावा. मग प्लेट उलटवून, मधल्या 12 मिलिमीटरच्या छिद्राला डायल गेज लावून ती पुन्हा मध्यावर आणावी, आणि दुसऱ्या बाजूने 7.7 मिलिमीटर खोल जावे. आता दोन्ही चरांच्या मध्ये 0.3 मिलिमीटर जाडीचा पापुद्रा उरतो. येथे लेथ थांबवावा, प्लेट उतरवून घ्यावी आणि बाकावर छिन्नी-हातोडीने हा पापुद्रा कडेकडेने तोडून चकती काढून घ्यावी. प्लेट चकमध्ये असताना हातोडी मारू नये. तो धक्का लेथच्या बेअरिंगांना बसतो. दोन्ही बाजूंच्या चरांत एखाद्या दशांश मिलिमीटरचा फरक पडला तरी चिंता नाही. व्यासात दोन मिलिमीटर धातू शिल्लक ठेवला आहे तो त्यासाठीच.

एका धारेचे सामर्थ्य

चकती निघाल्यावर छिद्र मोठे झाले, पण अचूक झाले नाही. प्लेट पुन्हा चकमध्ये बसवून, छिद्राच्या भिंतीला डायल गेज लावून ती मध्यावर आणावी. अंतिम काम बोअरिंगचे, म्हणजे दांड्याच्या टोकाशी बसविलेल्या एकाच धारेच्या हत्याराने छिद्राची आतली भिंत कापण्याचे. ड्रिल आधीच्या छिद्राच्या मागे जाते. बोअरिंगचे हत्यार तसे जात नाही. जॉब लेथच्या अक्षाभोवती फिरतो, हत्यार त्या अक्षाला समांतर सरकते, आणि म्हणून नवे छिद्र त्या अक्षाभोवतीच तयार होते. जुन्या छिद्राचा वाकडेपणा त्यात उतरत नाही. मात्र हत्यार धरणारा दांडा वाकता कामा नये.

या अटीचे महत्त्व किती आहे, हे वाफेच्या इंजिनाच्या इतिहासावरून कळते. जेम्स वॉटने स्वतंत्र कंडेन्सरचे पेटंट 1769 मध्ये घेतले, परंतु दट्ट्या घट्ट बसेल असे गोल सिलिंडर त्याला मिळेना. त्या काळच्या यंत्रांत, जॉन स्मीटनच्या सुधारलेल्या यंत्रातदेखील, कापणारे डोके लांब दांड्याच्या एका टोकाशी असे आणि ते सिलिंडरच्या आतल्या पृष्ठाचाच आधार घेत पुढे जाई. साहजिकच ओतकामातील वाकडेपणा छिद्रात तसाच उतरे. जॉन विल्किन्सनने 1775 च्या सुमारास दांडा सिलिंडरमधून आरपार नेऊन त्याला दोन्ही टोकांशी आधार दिला. 1776 मध्ये टिप्टन येथील कोळशाच्या खाणीवर वॉटचे जे इंजिन चालू झाले, त्याचे सिलिंडर 50 इंच व्यासाचे होते. त्यात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही, असे वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने नमूद केले. विल्किन्सनने वाढविली ती यंत्राची ताठरता, आणि तिच्यामुळे वॉटच्या कल्पनेला प्रत्यक्ष रूप आले.

ताठरतेचा नियम

एका टोकाशी पकडलेल्या दांड्याचे वाकणे त्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटते. दांडा दुप्पट लांब बाहेर ठेवला, तर तो आठपट वाकतो. उलट 12 मिलिमीटरऐवजी 16 मिलिमीटर जाड दांडा वापरला, तर वाकणे एक तृतीयांशाहूनही कमी होते. म्हणून दांडा छिद्रात मावेल तितका जाड आणि कामाला पुरेल तितकाच लांब असावा. पोलादी दांडा त्याच्या जाडीच्या चौपटीहून अधिक बाहेर न ठेवणे बरे.

जॉब इतका मोठा असेल की तो चकमध्ये फिरविताच येत नाही, तर विल्किन्सनची युक्ती घरच्या लेथवरही करता येते. जॉब सॅडलवर घट्ट बांधावा, दांडा लेथच्या दोन सेंटरांमध्ये फिरवावा आणि त्याच्या मध्यात आडवे हत्यार बसवावे. समान लांबीचा दांडा दोन्ही टोकांशी टेकवून मध्यात भार दिला, तर तो एका टोकाशी पकडून दुसऱ्या टोकाशी भार दिलेल्या दांड्याच्या सोळाव्या भागाइतकाच वाकतो. मात्र येथे जॉब हत्यारावरून पलीकडे सरकत असल्याने दांडा छिद्राच्या दुपटीहून लांब घ्यावा लागतो, आणि या लाभाचा बराचसा भाग लांबीपायी खर्च होतो. तो जाड घेता येत असेल तरच ही पद्धत खरी फायद्याची ठरते.

उष्णता आणि माप

बोअरिंगसाठी मऊ पोलादाला मिनिटाला 25 मीटर वेग धरला, तर 62 मिलिमीटर व्यासाला सुमारे 128 फेरे येतात. हत्यार जितके आत जाईल त्याच्या दुपटीने व्यास वाढतो, हे विसरू नये. पहिल्या खेपेत व्यास 61 मिलिमीटर, दुसऱ्या खेपेत 61.6 आणि तिसऱ्या खेपेत 61.8 करावा. शेवटच्या दोन खेपा सारख्याच खोलीच्या घ्याव्यात. कापाची खोली सारखी असली म्हणजे दांड्याचे वाकणेही सारखे राहते, आणि आधीच्या खेपेचे माप पुढच्या खेपेला भरवशाचे होते.

बेअरिंगसाठी पुष्कळदा निवडल्या जाणाऱ्या एच 7 या प्रमाणानुसार आपले छिद्र 62.00 ते 62.03 मिलिमीटर यांच्या दरम्यान असले पाहिजे. म्हणजे सारी सवलत 0.03 मिलिमीटरची! आता पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे बारा दशलक्षांश एवढे प्रसरण पावते. कापताना प्लेट सभोवतालच्या हवेपेक्षा 40 अंशांनी तापली, तर 62 मिलिमीटरचे छिद्र जवळजवळ 0.03 मिलिमीटरने मोठे होते. धातू तापल्यावर छिद्र आकसते, असा काहींचा समज असतो; वस्तुतः छिद्रही प्लेटबरोबर मोठेच होते. तेव्हा तापलेल्या प्लेटवर बरोबर 62.00 भरलेले छिद्र थंड झाल्यावर 61.97 होईल आणि बेअरिंग आत जाणार नाही. म्हणून शेवटच्या खेपेपूर्वी प्लेट हाताला गार लागेपर्यंत थांबावे, छिद्राच्या तोंडाशी आणि तळाशी अशी दोन ठिकाणी मापे घ्यावीत, आणि मगच शेवटचा काप घ्यावा.

हत्यार बोथट झाले म्हणजे उष्णता फार वाढते. काउंट रम्फर्डने म्यूनिकच्या शस्त्रागारात तोफेच्या धातूवर बोथट हत्यार फिरवून जे प्रयोग केले, ते त्याने 1798 मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. सभोवती ठेवलेले पाणी अग्नीवाचून सुमारे अडीच तासांत उकळू लागले. उष्णता ही गतीतून निर्माण होते, या विचाराला त्या प्रयोगाने बळ मिळाले. शास्त्रज्ञाला बोथट हत्यार उपकारक ठरले. कारागिराला मात्र ते धार्जिणे नाही. त्याने धार वरचेवर लावीत राहावे.

समारोप

लहान लेथवर मोठे छिद्र करण्याच्या या साऱ्या पद्धतीत तीन गोष्टी मुख्य आहेत. धातू आवश्यक तेवढाच कापावा. हत्यार आणि जॉब यांना जितकी ताठरता देता येईल तितकी द्यावी. आणि चकती सुटण्याचा क्षण स्वतः ठरवावा, तो यंत्रावर सोडू नये. कोल्हापूर, राजकोट किंवा कोइंबतूरच्या लहान कारखान्यात काय, अथवा घराच्या पडवीत मांडलेल्या लेथवर काय, हे नियम सारखेच लागू पडतात. प्रारंभी ॲल्युमिनियमच्या किंवा बिडाच्या एखाद्या निरुपयोगी तुकड्यावर ही कृती करून पाहावी. तिची रीत हाताला कळली, म्हणजे यंत्राच्या लहानपणाची अडचण वाटेनाशी होते.